हंससाहेबाचं ड्राय सरबत

माझ्या इंग्रजीचा विषय निघाला की आमच्या घरात सगळे एकमेकांकडं बघतात आणि मी पेपर तोंडासमोर धरतो. का धरतो, ते आज सांगूनच टाकतो. फक्त हातातला चहा आधी संपवा. मागं हा किस्सा ऐकताना एकाच्या नाकातून चहा आला होता आणि सतरंजी मला धुवावी लागली होती.

गोष्ट सत्तर सालाच्या आसपासची. मी कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत इंग्रजी पत्रव्यवहार बघायचो. बाकीचे लोक तापलेलं लोखंड ओतायचे आणि मी पंख्याखाली बसून 'युवर्स फेथफुली' ओतायचो. अख्ख्या कारखान्यात इंग्रजी लिहिणारा मी एकटाच. त्यामुळं माझं चुकलेलं कुणाला कळायचं नाही आणि मला तर नाहीच नाही. अशानं माणसाचा आत्मविश्वास किती वाढतो म्हणून सांगू? मी भाजीवालीलासुद्धा 'थँक्यू' म्हणायचो.

त्याच सुमाराला माझं लग्नाचं बघणं चाललं होतं. शालनला मी पाहून आलो होतो. पसंत केली असं म्हणणं खोटं होईल, मी साफ कामातून गेलो होतो. कांदेपोह्यांच्या वेळी तुम्हाला काही विचारायचंय का, असं कुणीतरी तिला म्हणालं. एरवी मुली मान खाली घालतात. हिनं सरळ माझ्याकडं बघून विचारलं, "तुम्हाला म्हणं लई इंग्लिश येतं. सपनं पण इंग्लिशमधी पडत्यात व्हय?" सगळे हसले. मी ठरवलं की लग्न करीन तर हिच्याशीच.

पण मधे तिचे वडील होते. तात्या. शाहूपुरीत त्यांची गुळाची अडत होती, गळ्यात तुळशीची माळ होती आणि दारूचं त्यांना असं वावडं होतं की विचारू नका. आधीची दोन स्थळं त्यांनी याच पायी मोडली होती. एक मुलगा मित्राच्या वरातीत जरा जास्तच नाचला म्हणून. दुसऱ्याच्या तोंडाला वेलदोड्याचा वास आला म्हणून. भर दुपारी माणूस वेलदोडा कशाला खाईल, काहीतरी लपवत असणार, असा त्यांचा हिशेब. आणि माझ्याबद्दल त्यांच्या कानावर आलं होतं की पोरगा गोऱ्या साहेबाबरोबर फिरतो. म्हणजे घेत असणार. तेव्हा एकदा घरी येऊन, मला जवळून बघून, वास घेऊन काय ते ठरवायचं, असा निरोप त्यांनी धाडला.

तो गोरा साहेब खरा होता. आमच्याकडं नवीन यंत्र बसवायला जर्मनीहून हान्स नावाचा इंजिनियर आला होता. कामगारांनी पहिल्याच दिवशी त्याचा हंससाहेब करून टाकला. त्याचं इंग्रजी मोडकं होतं आणि माझं कसं होतं ते आता कळेलच, त्यामुळं आमचं झकास जमायचं. लग्नाचं जुळतंय म्हटल्यावर तो खूश झाला आणि त्यानं पेटीतून दोन लांबोड्या हिरव्या बाटल्या काढून माझ्या हातात दिल्या. त्याच्या बापाच्या मळ्यातली द्राक्षं, घरीच केलेली व्हाइट वाईन.

वाईन म्हटल्यावर मी दोन पावलं मागं सरलो. तर तो म्हणाला, "धिस इज ड्राय. व्हेरी ड्राय."

आता मला सांगा, ड्राय म्हणजे काय? तुम्हाला आज माहीत असेल. पण मी रोज सायकलवरून ज्या रस्त्यानं कामाला जायचो, तिथं एका परमिटवाल्या दुकानावर अधूनमधून पाटी लागायची, 'आज ड्राय डे'. ड्राय डे म्हणजे दारू नसलेला दिवस. इंग्रजी पेपरात दारूबंदीच्या मुलखाला ड्राय स्टेट म्हणायचे. मग ड्राय वाईन म्हणजे? दारू काढून घेतलेली वाईन. उरला तो द्राक्षाचा रस. व्याकरणाच्या दृष्टीनं यात कुठं चूक आहे सांगा.

तरी मी कच्चा माणूस नव्हे. खात्री करून घेतली. विचारलं, "नो लिकर?"

हंससाहेबानं तोंड वाकडं केलं. "लिकर? नो, नो! नेव्हर लिकर! ड्राय! नो शुगर!"

नो लिकर आणि वर नो शुगर. अहो, मी तिथल्या तिथं त्याला मिठी मारायचाच बाकी राहिलो. कारण माझ्यापुढं तोवर एक मोठा पेच होता. तात्या चहा पीत नसत आणि त्यांना साखरेचा आजार होता, म्हणजे सरबतही बाद. घरी येणाऱ्या भावी सासऱ्याला नुसतं पाणी देऊन कसं भागणार? आता परदेशातलं बिनसाखरेचं, बिनदारूचं द्राक्षाचं सरबत आयतं हाती आलं. गोरा साहेब मला कसल्या संगतीला लावतो तेही त्यांना दिसलं असतं.

हंससाहेब मग पुष्कळ बोलला. नदीकाठी उभा डोंगर, डोंगरावर सगळी काळ्या पाटीसारखी खडकाळ जमीन, त्यात वेली. त्या वर्षी उन्हाळ्यात पाऊस कमी झाला आणि हंगामाच्या शेवटी ऊन मात्र चांगलं पडलं. हे सगळं म्हणे पिताना कळतं. आणि शेवटी बोट वर करून म्हणाला, "यू विल फाइंड द स्टोन इन इट."

घरी येऊन मी आईला सगळं भाषांतर करून सांगितलं. "आई, यात दगड आहेत. गाळून घे."

वडील मी लहान असतानाच गेले, घरात आम्ही दोघंच. माझ्या इंग्रजीवर आईचा माझ्याहून जास्त विश्वास. तिनं चक्का टांगायचं धुतलेलं फडकं काढलं. मी फौंड्रीतून आणलेल्या स्क्रूड्रायव्हरनं आणि पक्कडीनं एका बाटलीच्या बुचाशी झटापट केली. निम्मं बूच बाहेर आलं, निम्मं चुरा होऊन आत गेलं. कळशीत गाळताना फडक्यावर काळपट कण दिसले तेव्हा आई म्हणाली, "साहेब बोलला ते खरं हाय बघ. दगडाचीच कच हाय."

मग तिनं बोट बुडवून चव घेतली आणि तिचा एक डोळा मिटला तो लवकर उघडेना.

"वसंता, आंबट ढॅण हाय रं हे. नासलंय न्हवं?"

"साखर नाही ना त्यात. ड्राय आहे."

"आणि पांढरं म्हणतोस, हे तर पिवळं दिसतंय की."

"इंग्रजीत याला पांढरंच म्हणतात," मी म्हणालो. आईला ते पटलं. पण तिच्या हाताला काही राहवेना. तिनं त्यात भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि चिमूटभर सैंधव घातलं, ढवळलं आणि कळशी थंड पाण्याच्या घंगाळात ठेवून दिली.

गुरुवारी संध्याकाळी तात्या आले. तात्यांचा गुरुवारचा उपास असतो हे आम्हाला ते आल्यावरच कळलं. सोबत शालनचे मामा होते, लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार, मिशा पिळदार आणि बोलणं मोजकं. तात्या दारातच माझ्या इतके जवळ उभे राहिले की मला वाटलं आलिंगन देतायत. ते वास घेत होते.

बसल्यावर मी फुलपात्रं पुढं केली. "तात्या, हे जर्मनीचं द्राक्षाचं सरबत. साखर अजिबात नाही. खडकाळ रानातलं आहे. साहेब म्हणाला, पिताना माती कळते."

हे शेवटचं वाक्य मी बोललो नसतो तर पुढचं काही घडलं नसतं.

"माती कळती?" तात्यांनी मान वर केली. "कुणाला कळती?"

"जाणकाराला."

तात्यांचा सगळा मोठेपणा यातच तर होता. गुळाचा खडा जिभेला टेकवायचा, डोळे मिटायचे आणि सांगायचं, हा ऊस नदीकाठचा का मुरमाड रानाचा का खारवट जमिनीचा. बाजारात त्यांच्या जिभेवर सौदे ठरायचे. साखरेचा आजार झाल्यापासून ते चव घेऊन थुंकून टाकायचे एवढाच फरक. आताही त्यांनी घोट घेतला, तोंडात फिरवला, डोळे मिटले आणि थुंकायला जागा शोधू लागले. समोर आई पदर सावरून उभी. पावण्याच्या घरी थुंकणार कुठं? गिळलं.

"नदीकाठ हाय," तात्या म्हणाले. "पर मळीची, गाळाची जमीन न्हाय. अजून जरा द्या."

मी थक्क झालो. हंससाहेबानं हेच सांगितलं होतं. मी फुलपात्र भरलं.

तिकडं मामांनी पहिला घोट घेतला आणि ते एकदम ताठ बसले. फुलपात्राकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग पुन्हा फुलपात्राकडं. आईकडंही बघितलं. आई पुरणपोळीची वाट बघणाऱ्या माणसाकडं बघावं तशी त्यांच्याकडं मायेनं बघत होती.

"पावणं," मामांनी हळूच विचारलं, "हे तुम्ही रोज घेतासा?"

"रोज कुठलं मिळायला? पण मिळालं तर रोज घ्यायला हरकत नाही. आईलाही सुरू करणार आहे. लहान मुलांना तर फारच चांगलं."

मामांना ठसका लागला. "आणि चढत न्हाय न्हवं?"

"चढायला काय आहे त्यात? ड्राय आहे ना," मी हसून म्हणालो. लष्करात जाऊनही माणसाला एवढं इंग्रजी येऊ नये याचं मला वाईट वाटलं.

"अस्सं," मामा म्हणाले. मिशीवरून हात फिरवला आणि फुलपात्र पुढं केलं. "भरा मग. लई पौष्टिक दिसतंय."

दुसऱ्या फुलपात्राला तात्यांनी सांगितलं, डोंगराचा उतार, पाण्याचा निचरा झकास. तिसऱ्याला म्हणाले, "पाऊस कमी झालाय त्या साली. पर पाठीमागनं ऊन चांगलं गावलंय." मी प्रत्येक वाक्याला "करेक्ट, करेक्ट" म्हणत होतो. इथंवर तात्या खरोखर बरोबर होते. इथंच थांबायला हवं होतं. पण बरोबर येणाऱ्या माणसाला कोण थांबवतं? आणि मला तर भरतानाच दिसत होतं की मी आता 'पावणं'चा 'जावईबापू' झालोय.

चौथ्या फुलपात्राला तात्यांचा आवाज चढला. "जावईबापू, हे रान मी बघितलंय."

"तात्या, ते जर्मनीत आहे."

"जर्मनी गेली खड्ड्यात. हे जोतिबाच्या डोंगराच्या पायथ्याचं रान हाय. मी वळखतो की! आमच्या आज्यानं कसलेलं रान हाय ते."

आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आज्याच्या आठवणीनं ते रडले, मग मी का रडत नाही म्हणून माझ्यावर रागावले, मग माझी हनुवटी धरून म्हणाले, "लेका, गुणाचा हायस." मला भरून आलं. मी आईकडं बघितलं. बघ आई, माणूस किती प्रेमळ आहे.

"दाजी, जरा आडवं व्हा," मामा म्हणाले. पण तात्या उठले. माती ताडून बघितल्याशिवाय आपण गप्प बसणार नाही असं म्हणाले आणि फुलपात्र हातात घेऊन अंगणात गेले. तिथं तुळस होती. त्यांनी तुळशीला नमस्कार केला, बुडख्यातली चिमूटभर माती उचलली आणि जिभेवर ठेवली.

"ही न्हवं," ते म्हणाले.

मग शेजारच्या दारातल्या कुंडीतली घेतली. तीही न्हवं. मग त्याच्या पलीकडची. गल्लीतले लोक जमायला लागले. दारू सोडा म्हणून ज्या गल्लीत तात्यांनी भजनी मंडळासह फेरी काढली होती, त्याच गल्लीत ते दारोदार माती चाखत हिंडत होते आणि प्रत्येकाला सांगत होते, "पोरगी दिली. शालन दिली. हितंच दिली." मी मागून हात जोडत फिरत होतो आणि लोकांना समजावत होतो की उपासानं पित्त झालंय. शेवटी मामांनी टांगा थांबवला, तात्यांना उचलून त्यात बसवलं आणि जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पावणं, राहिलेली बाटली जपून ठेवा. उन्हात ठेवू नका."

त्या रात्री मी इंग्रजीत नाही, पण स्वप्नं बघितली.

सकाळी कारखान्यात हंससाहेबानं विचारलं, "हाऊ वॉज द वाईन?"

मी सगळं सांगितलं. गाळलं ते सांगितलं तेव्हा त्यानं खुर्ची ओढून घेतली. जिऱ्याची पूड सांगायची होती, पण जिऱ्याला इंग्रजीत काय म्हणतात ते आठवेना, तेवढा तो वाचला. मग मी म्हणालो की माझे सासरे धार्मिक आहेत, दारूला शिवत नाहीत, तेव्हा ड्राय वाईन मिळाली हे फार बरं झालं.

हंससाहेबानं हातातला पाना खाली ठेवला. मग त्यानं हळूहळू, लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. ड्राय म्हणजे गोड नसलेली. द्राक्षातली साखर सगळी मुरून तिची दारू झाली की वाईन ड्राय होते.

"आणि नो लिकर?" माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

लिकर म्हणजे त्याच्या देशात जेवणानंतर चमचाभर घ्यायची गोड, दाट दारू. तसली गोड वस्तू आपल्या बापानं कधी केली नाही, असं तो अभिमानानं म्हणाला होता.

मी माझ्या टेबलाशी जाऊन बसलो. आठ दिवस मला जेवण गेलं नाही. माळकरी माणसाला मी उपासाच्या दिवशी दारू पाजली होती, आईच्या हातानं पाजली होती, वर लहान मुलांना चांगली असते म्हणून सांगितलं होतं. वेलदोड्याच्या वासावरून स्थळ मोडणारा माणूस आता माझं काय करील? तात्यांकडून ना निरोप ना काही. शालनचा तो स्वप्नांचा प्रश्न सारखा आठवायचा. गेली, माझ्या इंग्रजीनं माझी बायको गेली.

शेवटी राहवेना, म्हणून मी गूळबाजारात गेलो. पाय धरायचे, खरं सांगायचं आणि मार खायचा अशी तयारी होती. तात्या गादीवर बसले होते. गुळाचा खडा जिभेला लावून त्यांनी थुंकला आणि मला बघितलं.

"तात्या, त्या दिवशीचं ते सरबत..."

"बोलू नका," तात्या म्हणाले. चेहरा गुळाच्या ढेपेइतका कठीण. "सुपारी कधी फोडायची ते आईस्नी इचारून सांगा."

मला दोन वेळा विचारावं लागलं, खरंच का म्हणून. बाहेर आल्यावर मी अंबाबाईच्या देवळापर्यंत सायकल हातात धरून पळत गेलो, बसायचं सुचलंच नाही. एकच गोष्ट पक्की झाली की तात्यांना काही कळलेलं नाही. उपासाचं पित्तच समजले असणार.

आणि हे गुपित मी वर्षानुवर्षं जपलं. तात्या घरी आले की हमखास म्हणायचे, "जावईबापू, सरबत न्हाय का?"  मी म्हणायचो की त्या साहेबाच्या रानात यंदा हंगाम बरा नाही, पाऊस फार झाला. तात्या गंभीर होऊन मान हलवायचे, म्हणायचे, "अरारा." दुसरी बाटली मामांनीच कधीतरी माझ्याकडून मागून नेली, गुडघ्याला चोळायला म्हणून.

तात्या गेले, त्यालाही पुष्कळ दिवस झाले. एकदा आमच्या मुलानं इंग्रजीच्या पेपरात काहीतरी भयंकर भाषांतर केलं म्हणून मी त्याला फैलावर घेतलं होतं. शब्दाचा अर्थ पक्का माहीत नसेल तर विचारावं, असं मी ओरडत होतो. शालन शेंगा निवडत बसली होती. ती हसायला लागली ती थांबेचना.

"काय झालं?" मी म्हणालो.

"आत्ता सांगतेच," ती म्हणाली. "टांग्यातच मामानं तात्यास्नी सांगितलंतं, दाजी, ही दारू हाय, आणि पोराला त्यातलं कायबी कळत न्हाय. तात्या घरी येऊन सकाळपातूर झोपले. उठले, आंघोळ केली, माळ डोळ्यास्नी लावली आणि आईला म्हणाले, पोरगी तितंच द्यायची."

"का?" मी विचारलं. मला खरंच कळेना.

"म्हणाले, दारूला सरबत समजून आपल्या आईच्या हातनं सासऱ्याला पाजणारं पोरगं जल्मात प्यालेलं नसणार. एवढी खात्री हुडकून गावायची न्हाय." शालननं पदरानं डोळे पुसले. "निर्व्यसनी हाय, आईवेडं हाय, मनानं साफ हाय. इंग्लिश तेवढं येत न्हाय, त्याला काय, आपण सांभाळून घिऊ."